बिनटकाची पेटी

मंगळवारी अकराच्या सुमारास दूध संघाच्या सातारा कचेरीत शिपायानं आवक टपालावर शिक्का मारला. टक. रोज दोनशे वेळा पडणारा शिक्का तो. पण त्या एका आवाजासरशी आस्थापना विभागातल्या चार माना वर झाल्या आणि चिंतामण मेढेकरच्या टेबलाकडे वळल्या. कुणी हसलं नाही. हसले असते तर चिंतामणही हसला असता आणि विषय तिथंच मिटला असता. पण त्या चार माना सभ्यपणे पुन्हा कागदांत गेल्या, आणि चिंतामणच्या कानाच्या पाळ्या तेवढ्या गरम झाल्या. वर्ष झालं हे चाललं होतं. कुणी सुपारी कातरली, कपाटाचं कुलूप लागलं, पंख्याचं बटण दाबलं, की लोकांना हा आठवायचा. परवा तर एसटीत कंडक्टरनं तिकिटाला चिमटा मारला आणि चिंतामणनंच दचकून आजूबाजूला बघितलं. एकेचाळीस वर्षांच्या आयुष्यात तो कुणाला उणा शब्द बोलला नव्हता, एक रजा जास्त घेतली नव्हती, पोरीबाळींकडे मान वर करून बघितलं नव्हतं. आणि लोकांच्या लक्षात काय राहिलं, तर टक.

ते झालं होतं सांगलीला. सहकारी संस्थांतल्या नोकरदारांची नाट्यस्पर्धा दर डिसेंबरात तिथं व्हायची, आणि संघाची हौशी मंडळी दर डिसेंबरात तिथं जाऊन, काहीही न मिळवता, भडंगाचे पुडे घेऊन परत यायची. नाटक लिहायचे आणि बसवायचे हेडक्लार्क लालासाहेब. चिंतामणकडे आवाजांचं खातं. म्हणजे दोन टेपरेकॉर्डर, एक माइक, आणि या तिघांना स्पीकरशी जोडायला किंवा तोडायला एका फळीवर ठोकलेली, घरातल्या दिव्याची तीन काळी बटणं. गेल्या साली नाटकातली म्हातारी मरते तिथं सनई थांबून नुसती शांतता यायची होती. चिंतामणनं बटण बंद केलं. स्पीकर मोठे, नाट्यगृह भरलेलं, आणि त्या शांततेच्या ऐन मध्यावर ते टक असं वाजलं की माडीवरची कबुतरं उडाली. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "मेली. मीटर बंद केलं." नाट्यगृह जे हसायला लागलं ते पडदा पडेपर्यंत हसतच राहिलं. मेलेली म्हातारीसुद्धा चादरीखाली हलत होती. परीक्षकांनी शेरा दिला, 'मृत्यूच्या प्रसंगी तांत्रिक विभागाने भान ठेवावे.' तो कागद लालासाहेबांनी कचेरीच्या सूचनाफलकावर लावला, आणि महागाई भत्त्याच्या परिपत्रकाशेजारी तो आठ महिने होता.

पण हसण्याचं चिंतामणला तेवढं लागलं नव्हतं. तिसऱ्या रांगेत आप्पा बसले होते, त्याचे वडील, ते लागलं होतं. आप्पा गणिताचे मास्तर, निवृत्त होऊन पंधरा वर्षं झालेली. त्यांनी आयुष्यात कुणाला 'नाही' म्हटलं नाही, कारण त्यांना त्याची गरजच पडली नाही. जीभ टाळूला लावायची आणि सोडायची. ट्क. उदाहरण चुकलं, ट्क. आमटीत मीठ कमी, ट्क. सहलीला जाऊ का, ट्क. त्या आवाजापुढं अपील नव्हतं. चिंतामण चौदा वर्षांचा असताना त्यानं एका ट्रान्झिस्टरचा रेडिओ केला होता. साबणाच्या डबीत बसवलेला, कानात एक बोंडूक घालून ऐकायचा. सबंध मे महिना त्यात गेला होता. डबीतून कुणी बाई गाताना पहिल्यांदा ऐकू आली तेव्हा तो उठून, पळत, ओट्यावर वर्तमानपत्र वाचत बसलेल्या आप्पांकडे गेला होता. आप्पांनी चष्मा काढला, बोंडूक कानात घातलं, मिनिटभर समोरच्या भिंतीकडे बघत राहिले, बोंडूक काढून त्याच्या हातात दिलं. ट्क. चष्मा घातला, वर्तमानपत्र उघडलं. रेडिओ वाईट, का गाणं वाईट, का पोरगं वाया गेलं, ते चिंतामणला कधी कळलं नाही. विचारायचं धाडस नव्हतं. आणि गेल्या डिसेंबरात, नाट्यगृह हसत असताना, विंगेतल्या फटीतून त्याला तिसऱ्या रांगेतले आप्पा दिसले. ते हसत नव्हते. त्यांचा जबडा एकदाच, किंचित, हलला. एवढ्या कल्लोळात ऐकू येणं शक्यच नव्हतं, तरी चिंतामणला ते ऐकू आलं.

त्या रात्री परतीच्या गाडीत त्यानं मनाशी ठरवलं, की पुढच्या साली टक होणार नाही. बक्षीस मिळो न मिळो. आप्पा तिसऱ्या रांगेत बसलेले असतील आणि त्यांच्या जिभेला काही कारण सापडणार नाही. वरून लालासाहेबांनी सरळच सांगितलं होतं, "आवं मेढेकर, औंदा टक झालं तर पुढच्या साली तुमी पडदा वढायला. आवाजाचं काम दुसऱ्या कुणालाबी दिऊ." पडदा ओढणं वाईट नव्हतं. पण पडदा ओढणाऱ्याचं काम बघायला कुणी वडिलांना सांगलीला नेत नाही.

मिरजेला निजामचं दुकान होतं, रेडिओ-टेप दुरुस्तीचं. निजामचे आजोबा-वडील तंबोरे करायचे. निजामनं तुंबे सोडून ट्रान्झिस्टर धरले, पण कान घराण्याचेच. चिंतामणनं काळ्या बटणांची फळी त्याच्यापुढं ठेवली. निजामनं ती नुसती बघितली आणि चहा सांगितला. "चिंतामणराव, तुमी आवाज तोडताय," तो म्हणाला. "तारेवर उगी थोडा दाब बसलेला असतोय. मधनंच तोडली की तो स्पीकरात उडी मारतोय. कुणालाबी मधनं तोडलं की तो वरडणारच. तोडू नका. त्याला जमिनीत वाट करून द्या, गुमान जाईल." आणि त्यानं बिलाच्या पाठीमागं काढून दाखवलं. आवाजाची तार आहे तशी अखंड ठेवायची. तिच्यापासून जमिनीकडं जाणाऱ्या वाटेवर एक ट्रान्झिस्टर उभा करायचा, तीन पायांचा. त्याच्या मधल्या पायाला चिमूटभर वीज दिली की तो वाट उघडतो आणि आवाज स्पीकरकडं जायचा तो जमिनीत जातो. वीज काढली की वाट बंद, आवाज पुन्हा स्पीकरात. "बटण आवाजाला हातच लावत न्हाई. ते फक्त ह्याला खूण करतंय." मग मधल्या पायाशी एक कंडेन्सर जोडून म्हणाला, "हा धागा. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली आमी सुताचा धागा सरकवतो का न्हाई, तसा. ह्याच्यामुळं वाट एकदम उघडत न्हाई. सावकाश." चिंतामणला गहिवरून आलं. इतकी वर्षं आपण तोडत आलो, असं त्याला वाटलं, आणि हे एवढं सोपं होतं.

मग पाच महिने त्याच्या घरात तीन पायांचं राज्य आलं. सुहासिनीला, म्हणजे त्याच्या बायकोला, एकदा तुरीच्या डाळीत ट्रान्झिस्टर सापडला. तिनं तो आळी समजून सुपातून बाहेर टाकला आणि मग दोघं अर्धा तास अंगणात उकिडवे बसून शोधत होते. "अहो, तुमच्या किड्यांवर झाकण ठेवा," ती म्हणाली, पण शोधला तिनंच. पेटी झाली ती झकास झाली. बटणंसुद्धा नव्हती. तीन जागी पितळेच्या दोन-दोन बारीक पट्ट्या. पट्ट्यांवर बोट टेकवलं की बोटाच्या ओलाव्यातून जाते तेवढी वीज ट्रान्झिस्टरला पुरायची. ज्या पट्ट्यांवर बोट, तो आवाज बंद. बोट उचललं की चालू. गल्लीतल्या पिठाच्या गिरणीची घरघर त्यानं नाटकासाठी टेप करून आणली होती (तीत मध्येच "ज्वारी का गहू?" असं कुणीतरी विचारत होतं, ते पुसायला एक रविवार गेला). ती टेप लावून त्यानं सुहासिनीला पाठ करून बसवलं आणि पट्ट्यांवर बोट ठेवलं. घरघर मंदावली, विरली, गेली. सुहासिनी तशीच बसून होती. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "लावणार कधी?" "लावून बंदसुद्धा केली," चिंतामण म्हणाला. तिनं वळून बघितलं. "अगंबाई. मग कळायचं कसं, बंद झाली ते?" आयुष्यात इतकं चांगलं त्याच्याबद्दल कुणी बोललं नव्हतं. पुढं आठवडाभर तो ते वाक्य मनातल्या मनात ऐकत होता आणि त्यात प्रश्न आहे हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

नाटक यंदा गिरणीच्या म्हाताऱ्या राखणदारावर होतं. लालासाहेब तरुणपणी माधवनगरला कापडगिरणीत होते, त्यामुळं ते स्वतःच लिहून स्वतःच रडायचे. राखणदाराचं काम आकारामला, संघाच्या जीपवरच्या ड्रायव्हरला. शेवटी तो स्टुलावर बसतो, काठीवर हनुवटी टेकतो, डोळे मिटतो, म्हणतो, "गिरण चालू हाय तवर मी हाय." घरघर चालू राहते. मग गिरणी कायमची बंद पडते, काठी हातातून गळते, म्हातारा गेला. मग सून चहा घेऊन येते आणि हंबरडा फोडते. सून म्हणजे टंकलेखिका शालूबाई. जुलैपासून कँटीनमध्ये तालमी झाल्या त्या सगळ्या जुन्या काळ्या बटणांवर. चिंतामणनं सप्टेंबरातच पेटी आणून दाखवली होती, पण लालासाहेबांनी दोन्ही हात वर केले. "नारळ फुटल्याबिगर नवी वस्तू लावायची न्हाई. रंगमंचावर नटराजाची पूजा हुईल, नारळ फुटंल, मग लावा. मागच्या टायमाला नवा पडदा बिनपूजेचा लावला, अर्ध्यात अडकला का न्हाई?" अडकला होता. चिंतामणनं पेटी टॉवेलात गुंडाळून परत नेली. एका अर्थी त्याला बरंच वाटलं. डिसेंबरापर्यंत टक टक करत राहायचं, सगळ्यांना हसू द्यायचं, आणि सांगलीला एकदम शांतता काढून दाखवायची. पहिले काही दिवस टक झालं की सगळे त्याच्याकडं बघायचे. नंतर बघायचे थांबले. सवय झाली असेल, असं त्याला वाटलं.

सांगलीला त्यांचा प्रयोग सकाळी अकराचा लागला, स्पर्धेतला शेवटचा. नारळ फुटला, पेटीला हळदकुंकू लागलं, पट्ट्यांवर सांडलेलं पाणी चिंतामणनं धोतराच्या सोग्यासारखा शर्ट ओढून पुसलं. आप्पा तिसऱ्या रांगेत, डाव्या टोकाला, स्पीकरजवळ बसले होते; कुठंही गेले तरी ते माणसांना आपल्या डावीकडंच बसवायचे, इथं मात्र डावीकडं नुसता स्पीकर होता. पडदा उघडला. पहिला अंक, दुसरा अंक. चिंतामणच्या डाव्या हाताचं बोट गिरणीच्या पट्ट्यांवर, उजव्या हाताचं माइकच्या, कारण माइक उघडा राहिला तर विंगेतली कुजबुज बाहेर जायची. आवाज येत होते, जात होते, आणि कुठंही सांधा दिसत नव्हता. त्याला भरून आलं. आपण इथं आहोत हे कुणालाच कळत नाही, ह्यात एवढं सुख असेल असं त्याला आधी कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

मग आकाराम स्टुलावर बसला. काठीवर हनुवटी टेकली. डोळे मिटले. "गिरण चालू हाय तवर मी हाय." घरघर चालू. चिंतामणनं मनात दहा मोजले आणि बोट टेकवलं. गिरणी मंदावली. विरली. गेली, का अजून आहे, असं वाटण्याच्या पलीकडं जाऊन ती गेली, आणि मागं जी शांतता राहिली ती त्यानं पाच महिने खपून केली होती. नाट्यगृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. झालं, चिंतामणनं मनात म्हटलं. आता काठी पडेल. काठी पडेना. आकाराम डोळे मिटून, काठी घट्ट धरून, तब्येतीनं जिवंत बसला होता. पापणीसुद्धा हलत नव्हती. समोरच्या विंगेत शालूबाई चहाची कपबशी घेऊन एक पाय पुढं टाकून थांबली होती. म्हातारा मेल्याशिवाय तिला आत येता येत नव्हतं. तिच्या मागं लालासाहेब दोन्ही हातांनी मर, मर अशी खूण करत होते, पण मिटल्या डोळ्यांना काय दिसणार. पाच सेकंद. दहा. आणि आकारामच्या भुवयांत एक बारीक आठी पडली. काहीतरी यायचं राहिलंय अशी ती आठी होती, पंगतीत वरण वाढायचं राहिलेल्या माणसासारखी. ती आठी बघितली आणि चिंतामणला उमगलं. आकाराम टकची वाट बघत होता. जुलैपासून रोज टक झालं की तो मरत आला होता. गिरणी कशी बंद होते ते त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. त्याला टक ठाऊक. कळायचं कसं, असं सुहासिनीनं विचारलं होतं. विचारलं होतं तिनं.

पंधरा सेकंद. शांतता अजून चांगली होती, पण ती आता कुठल्याही क्षणी नासणार होती. मागच्या रांगेत एक खुर्ची करकरली. काळी बटणं साताऱ्याला, कँटीनच्या माळ्यावर. पेटीतून टक निघणं शक्य नव्हतं, तिची तीच तर मातब्बरी. मनात काय काय येऊन गेलं. लालासाहेबांना मरू दे, आकारामला जगू दे, पडदा ओढायला काय वाईट आहे. आप्पा बसलेत तिथं. ह्या शांततेला त्यांच्याकडं उत्तर नाही. वर्षभर ह्याच एका गोष्टीसाठी जगलो आणि ही आहे, झालेली आहे, बिनचूक. आणि हिच्यात ते म्हातारं मरत नाही. त्याला रडू यायला लागलं आणि त्याच वेळी हसूही. मग डावं बोट तसंच गिरणीवर दाबून ठेवून त्यानं उजवं बोट उचललं. माइक सावकाश, कुणाला न कळता, उघडला. चिंतामण पुढं वाकला, जीभ टाळूला लावली आणि सोडली.

ट्क.

आकाराम मेला. काठी पडली, घरंगळत पार पुढच्या दिव्यांपर्यंत गेली. मान अशी झुकली की पहिल्या रांगेतली एक बाई "अगं आई गं" म्हणाली. शालूबाई आली, कपबशी पडली, हंबरडा फुटला, आणि तो खरा असावा, कारण वीस सेकंद तिचा जीवही टांगलेलाच होता. कुणी हसलं नाही. पडदा पडल्यावर आकाराम उठून थेट चिंतामणकडे आला, घामानं भिजलेला. "सायेब, लय वेळ लावला की. मला टक ऐकल्याबिगर मरता यीना."

चार वाजता निकाल. पार्श्वध्वनीचं पहिलं बक्षीस साताऱ्याच्या दूध संघाला. परीक्षक माइकवर म्हणाले, की त्या दीर्घ, धाडसी शांततेत ते एकच टक, म्हणजे यंत्राचा शेवटचा श्वास की माणसाचा, असा प्रश्न प्रेक्षकाला पडतो. असं सूचक काम हौशी रंगभूमीवर क्वचित बघायला मिळतं. लालासाहेब शेजारच्याला म्हणाले, "माझ्या डोक्यात जुलैपासनंच हुतं ते." ढाल मात्र त्यांनी चिंतामणच्या हातात दिली आणि पाठीवर असा काही गुद्दा घातला की ती पडता पडता राहिली.

पाचच्या एसटीत आप्पा खिडकीशी बसले, चिंतामण त्यांच्या डाव्या बाजूला. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली पेटी, तिच्यावर ढाल, तिच्यावर भडंगाचा पुडा. आष्टा आलं. चिंतामण त्यांच्या जबड्याकडं बघत होता.

"ते शेवटचं तोंडानं केलंस," आप्पा म्हणाले.

"हो."

"माझं होतं ते."

"हो," तो म्हणाला.

आप्पांनी भडंगाचा एक बकाणा भरला, सावकाश खाल्ला. "मग वर्षभर ही पेटी कशाला करत होतास?"

ह्यावर हसावं का काय ते चिंतामणला कळेना, आणि त्या न कळण्यात, सत्तावीस वर्षं जे विचारलं नव्हतं ते तोंडातून निघून गेलं. "आप्पा, तो साबणाच्या डबीतला रेडिओ. तुम्ही ऐकला आणि ट्क केलंत. काय वाईट होतं त्यात?"

"कुठला रेडिओ?" आप्पांनी आठवून बघितलं. "हां, तो. वाईट कुठलं. ऐकूच आलं नाही काही. उजव्या कानानं मला लहानपणापासून कमी. तू बोंडूक दिलंस, मी घातलं उजव्यात. आता पोराला काय सांगायचं, बापाला ऐकू येत नाही म्हणून?" आणि ते बाहेर उसाकडं बघायला लागले. "काय लागायचं त्यात?"

"गाणी," चिंतामण म्हणाला. "एक बाई गायची."

"बरं गायची का?"

"बरं गायची."

मग आप्पांनी ढाल उचलून आपल्या मांडीवर घेतली, पेटीवरचा टॉवेल बाजूला केला आणि पितळेच्या पट्ट्यांवर बोट ठेवून विचारलं, हे कसं चालतं. चिंतामण त्यांच्या डाव्या कानाशी वाकून सांगायला लागला. आवाज तोडायचा नाही, आप्पा. त्याला जमिनीत वाट करून द्यायची. हा तीन पायांचा असतो ना, त्याच्या मधल्या पायाला थोडीशीच वीज. आणि हा कंडेन्सर, हा तंबोऱ्यातल्या धाग्यासारखा, ह्याच्यामुळं सगळं सावकाश होतं. आप्पा हं म्हणत होते. इस्लामपूर गेलं. हं म्हणत होते. मग कधीतरी हं यायचं थांबलं, आप्पांचं डोकं त्याच्या खांद्यावर आलं, पट्ट्यांवरचं बोट मात्र तसंच राहिलं. ते नेमके कधी झोपले ते चिंतामणला कळलं नाही. तो कराडपर्यंत सांगतच राहिला.